अण्णांचा ॲम्प्लिफायर

१४ डिसेंबर, रविवार. उद्या सकाळी मेकॅनिक येणार आहे. त्याच्या आधी हॉलमधल्या ॲम्प्लिफायरचं काय करायचं ते मला ठरवायचं आहे. आत नवे पार्ट घालून, ब्लूटूथ बसवून तोच चालू ठेवायचा, की काढून टाकून त्या जागी नवा आणायचा. मेकॅनिकला दोन्ही चालतं. जुना काढला तर आतला ट्रान्सफॉर्मर तो तांब्यासाठी घेऊन जाईल.

तक्रार एकच आहे. आवाज बसलाय. गाणं वाजतं, पण वरची धार गेली आहे. झांजा वाजतात की नाही ते कळत नाही आणि गाणारीचे शब्द एकमेकांत मिसळतात. दिवाळीआधी कॅपॅसिटर बदलून घेतले, काही फरक पडला नाही. मग स्पीकर बदलले. तरी तेच. लेक म्हणते, "आई, चांगला वाजतोय की." पण ती मोबाइलच्या डबीत गाणी ऐकणारी. तिचं काय धरायचं.

असले निर्णय मी खरं तर पगारावर घेते. फौंड्रीच्या स्टोअरला मी बरीच वर्षं आहे. पंप, ब्लोअर, हँड ग्राइंडर, जे काही बिघडतं ते माझ्या टेबलावर येतं, आणि दुरुस्त करायचं की नवं मागवायचं ते मी सांगते. शेजारच्या शेडमध्ये कास्टिंगच्या कडा घासतात. तो आवाज दिवसभर चालू असतो, त्यामुळे तिथल्या माणसांशी काचेतून हातवारे करूनच बोलावं लागतं. माझा नियम साधा आहे. एकाच तक्रारीसाठी परत परत आलेली वस्तू मी पुन्हा दुरुस्तीला पाठवत नाही. एक तर भंगारात काढते, नाहीतर ती वापरणाऱ्याला बोलावून घेते.

मग या एका डब्यापाशी मी का अडले आहे? कारण हा डबा मुळात माझा नाही. तो आमच्या जुन्या घरमालकांचा. त्यांना सगळं उचगाव अण्णा म्हणायचं, आम्हीही अण्णाच म्हणायचो.

त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याला चांगली जाड मिशी होती. अण्णांनी त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं, दोन-चार प्रश्न विचारले, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, तुमास्नी खोली दिली असती बगा. पण मिशीवाल्याला मी ठेवत न्हाय."

कोल्हापूरच्या शिवेवर राहून मिशीवाला भाडेकरू नको म्हणणं म्हणजे निम्म्या जिल्ह्याला दार बंद करणं. नवरा उठायलाच निघाला. मी विचारलं, "मिशीनं काय केलंय अण्णा?"

"मिशीवाला मानूस मनातलं बोलत न्हाय," अण्णा म्हणाले. "नुसतं केसं हालत्यात."

पाणी चांगलं होतं, बसचा थांबा जवळ होता. मी नवऱ्याला म्हटलं, मिशी परत उगवते, अशी खोली परत मिळणार नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गुळगुळीत तोंडाने सामान हलवायला आला.

अण्णा उंच, सुकलेले, पांढरा हाफ शर्ट घालणारे. खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. इचलकरंजीच्या मागाच्या शेडात त्यांनी सगळा जन्म जॉबर म्हणून काढला होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो ठीक करणारा. पण अण्णा स्वतःला तेवढ्यावर मोजत नसत. "माग बिघडल्यावर कुनीबी जातंय," ते म्हणायचे. "मी बिघडायच्या आदी जायाचो. शेडाच्या दारात उभा ऱ्हायचो आनि सांगायचो, त्या कोपऱ्यातला आजारी हाय. सगळे माग चालू असताना, काय?" शेवटच्या "काय?"ला उत्तर द्यावं लागत नसे, मान हलवावी लागे.

त्यांच्या लेखी यंत्रं बिघडत नसत, आजारी पडत. पाण्याच्या मोटरीला खोकला होई. वरच्या मजल्यावरच्या आमच्या पंख्याला संधिवात होता. गावातल्या पिठाच्या गिरणीचा मालक त्यांना अधूनमधून बोलावून नेई. अण्णा जात, मान तिरकी करत, तळहात गिरणीच्या अंगावर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. मग निदान. बहुतेक वेळा बरोबर यायचं. गल्लीतल्या बायका हसायच्या, "अण्णा नाडी बघालेत." त्यावर ते तळहात पुढे करून म्हणायचे, "माझं कान हितं हाईत." आम्ही ती फुशारकी समजत होतो.

त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. पहिले काही दिवस मला वाटत होतं, ही बाई मुकी आहे. अण्णांशी ती सारखी बोलत असायची, ओठ हलायचे, हात हलायचे, भुवया उडायच्या, आवाज मात्र काही नाही. अण्णाही तिला तसंच उत्तर द्यायचे. एकदा मी गॅलरीत कपडे वाळत घालत असताना खाली अंगणात दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. अक्का बोट नाचवत होती, अण्णा छातीवर हात मारून काहीतरी पटवत होते, आणि सगळ्या अंगणात फक्त चिमण्यांचा आवाज होता. तेवढ्यात रस्त्यावरून भाजीचा गाडा गेला. अक्का वळली आणि तिने "ए भाजीवाल्या, थांब की रं" अशी हाक मारली की माझ्या हातातला चिमटा पडला.

मी खाली जाऊन विचारलं. ती हसली. "मी बी शेडातच हुते ग. सुताच्या कांड्या भराय. तितं आवाज करून काय उपेग? मागापुढं कुनाचं चालतंय? तोंड हालवायचं, समोरच्यानं बघायचं. लगीन बी तसंच ठरलं आमचं, शेडातल्या शेडात. मग घरात बी तीच सवय लागली."

त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. जैनांच्या घरी तसंच असतं. संध्याकाळी वरून खाली पाहिलं की ओसरीवर दोघं ताटाला ताट लावून बसलेली दिसायची, न थांबता गप्पा मारत, आणि आवाज काय तो भांड्यांचा.

ॲम्प्लिफायर ही अण्णांनी शेड सोडताना स्वतःसाठी घेतलेली एकमेव वस्तू. जाड पत्र्याचा डबा, पुढे चार मोठे नॉब, प्रत्येक नॉबवर त्यांनी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला होता, कुठवर फिरवायचं त्याची खूण म्हणून. रविवारी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन करून आले की ते त्यावरचं कापड काढून घडी करत, डबा पुसत, जुनी भावगीतं नाहीतर भजनं लावत आणि डब्यावर तळहात ठेवून समोर बसत. त्या वेळात कुणी खुर्ची ओढलेली त्यांना चालत नसे. आणि तोंडावर हात ठेवून बोलणारा माणूस त्यांना कधीच चालत नसे. "तोंड झाकून बोलतंय त्ये खोटं बोलतंय," असं ते समोरच्याला सरळ ऐकवायचे. यात माझ्या थोरल्या जावेचा पदर आणि ग्रामसेवकाचा रुमाल दोन्ही सापडले होते.

गाणं चांगलं लागलं की म्हणायचे, "आवाजात उजेड पायजे वैनी. अंधारात बसून गायल्यागत वाटाय नको."

मग तोंडाला मास्क बांधायचे दिवस आले.

अण्णांचा त्या दिवसांत सगळ्या गावाशी झगडा झाला. दूधवाला काय बोलतो ते कळेना. बँकेतली मुलगी काचेमागून, वर मास्कमागून बोलायची, तिच्याशी त्यांनी वाद घातला. मी जिन्यावरून उतरताना काही म्हटलं तर ते कपाळाला आठ्या घालून बघत राहायचे आणि मग समजुतीच्या सुरात म्हणायचे, "वैनी, मिठाच्या गुळण्या करा. तुमचा बी आवाज बसलाय."

त्यांचं निदान पक्कं होतं. ह्या आजारात माणसाचा घसाच जातो. सगळ्या गावाचा आवाज बसलाय. ते चुकीचं आहे असं कुणाला वाटलंही नाही, कारण तेव्हा घशाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी लोक ऐकून घेत होते. फक्त एक गोष्ट ते कौतुकाने सांगायचे. "हिचा तेवढा खणखणीत हाय बगा. पैल्यासारका." म्हणजे अक्काचा. अक्का घरात मास्क लावत नव्हती. आणि अण्णांशी बोलताना तिने कित्येक वर्षांत आवाजच वापरला नव्हता.

हे तेव्हा मी ऐकलं आणि सोडून दिलं. कामं होती.

पुढे मास्क निघाले. अण्णा खूश झाले. एकेकाला अडवून म्हणायचे, "बरं झालासा. आवाज आला की परत." दूधवाला बरा झाला, बँकेतली मुलगी बरी झाली, मी बरी झाले. त्या दिवसांत बस्ती बंद, म्हणून रविवारची गाणीही बंद होती. आता रविवारी त्यांनी कापड काढलं, गाणं लावलं, आणि सगळं गाव बरं झालेलं असताना ॲम्प्लिफायर मात्र बरा झालेला नव्हता.

"बंद पडून पडून ह्येनं घसा धरलाय," अण्णा म्हणाले.

कोल्हापुरातून मेकॅनिक बोलावला गेला. उद्या माझ्याकडे येणार आहे तोच. त्याने आतले कॅपॅसिटर बदलले. पुढच्या खेपेला ट्रेबलचं सगळं सर्किट बदललं. मग बारीक आवाजाचे जादा स्पीकर जोडले. प्रत्येक वेळी अण्णा तळहात ठेवून ऐकायचे आणि मान हलवायचे, "उजेड न्हाय अजून." प्रत्येक वेळी आवाज आणखी टोकदार व्हायचा. वर माझ्या मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या झणझणायच्या. गल्लीतली कुत्री रविवारी सकाळी आपणहून पलीकडच्या वसाहतीत जायला लागली. शेजारचे काका येऊन समोर उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, कानात सुई घातल्यागत होतंय."

"सुई जायालाच पायजे," अण्णा म्हणाले. "त्याबिगर धागा कसा ववणार?"

मेकॅनिक शेवटी वैतागला. "अण्णा, ह्यात आता समदं मी घातलेलं हाय. मूळचा डबा तेवढा ऱ्हायलाय. नवीन घ्या, सुटा."

अण्णांना ते लागलं. त्या दिवशी मी भाडं द्यायला खाली गेले होते. ते ओसरीवर डबा उघडून बसले होते, आतल्या तारांकडे बघत. म्हणाले, "आजारी पडलं म्हनून टाकायचं व्हय? शेडात एवढं माग सांबाळलं मी. कुनाला काय झालंय त्ये दारातनं वळकायचो. आनि आपल्या घरातल्या एका डब्याला काय झालंय त्ये मला कळंना, तर मी जॉबर कसला हो?"

त्यांनी हे हसत म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, एकदा नवा आणून शेजारी ठेवून बघा. स्टोअरला आम्ही तसंच करतो. मग ठरवा, हाच सुधारायचा का नवा घ्यायचा."

पुण्याहून त्यांच्या मुलाने नवा ॲम्प्लिफायर धाडला. पसंत नसेल तर परत करायच्या बोलीवर. एका रविवारी अण्णांनी तो जुन्याच्या शेजारी मांडला आणि आम्हाला बोलावलं. मी, अक्का आणि मेकॅनिक. अण्णांनी बस्तीत जातानाचे स्वच्छ कपडे घातले होते. आधी जुन्यावर एक भावगीत लावलं. मग तेच नव्यावर. नव्याचा आवाज सुंदर होता. इतके दिवस सुया टोचून घेतल्यावर तो ऐकताना मला माझे खांदे खाली आलेले कळले. मेकॅनिकच्या तोंडून "वा" गेलं.

अण्णांनी एक तळहात जुन्यावर ठेवला, एक नव्यावर. गाणं संपेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. मग डोळे उघडले, आणि त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता.

"नव्यात बी त्योच आजार हाय," ते म्हणाले.

मेकॅनिक खाली फरशीकडे बघायला लागला. मी स्टोअरची बाई. दोन वेगळ्या मशिनांवर एकच तक्रार आली की मशीन बाजूला ठेवून चालवणाऱ्याकडे बघायचं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. मिशी, रुमाल, मास्क, तळहात, सगळं माझ्यासमोर एकदम ओळीने येऊन उभं राहिलं. माणसांचे आवाज परत आले होते कारण त्यांचे ओठ परत आले होते. ॲम्प्लिफायरला ओठ नव्हते.

मी अक्काकडे पाहिलं. ती माझ्याचकडे बघत होती. तिने आवाज न करता ओठ हलवले. एवढा एक शब्द मलाही वाचता आला. नको.

पण अण्णा तोपर्यंत मेकॅनिकला विचारायला लागले होते की आता नव्यात काय काय बदलता येईल. मी म्हटलं, "अण्णा, जरा भिंतीकडं तोंड करून बसता का?"

त्यांना वाटलं मी काहीतरी परीक्षा घेणार आहे. परीक्षा त्यांना आवडायच्या. खुर्ची फिरवून ते हौसेने बसले, हात मांडीवर ठेवून, मान तिरकी करून. मी त्यांच्या मागे दोन हात अंतरावर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अण्णा, चहा घेणार का?"

काही नाही. मी जरा मोठ्याने परत विचारलं. ते तसेच बसून होते, मान तिरकी, चेहऱ्यावर तयारी.

थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच म्हणाले, "बोला की वैनी. थांबलायसा कशापायी?"

मी समोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझे ओठ नीट दिसतील अशी. "मी दोनदा विचारलं, अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग मेकॅनिककडे, मग अक्काकडे. अक्काला त्यांनी काहीतरी विचारलं, ओठांनी. अक्काने ओठांनीच उत्तर दिलं. लांबलचक होतं, मला वाचता आलं नाही. ते संपल्यावर अण्णांनी दोन्ही डबे बंद केले, जुन्यावर कापड घातलं आणि कापडाच्या कडा सारख्या केल्या.

त्यांचा मुलगा पुण्यात, म्हणून कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेले. डॉक्टर चांगला होता. समोर बसून, तोंड उघडं ठेवून, सावकाश बोलला. शेडातल्या आवाजाने कानाच्या आतले बारीक तंतू मरतात, आधी बारीक आवाज जातात, मग शब्द, असं त्याने सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे बघून घेतलं. मग विचारलं, "नवीन बसत न्हाय व्हय?"

"नाही," डॉक्टर म्हणाला.

"मग आत काय बदलता येतंय?"

"आतलं काही नाही. बाहेरून मशीन लावता येईल."

मशीन मुलाने आणून दिलं. अण्णांनी ते हातात उलटसुलट करून पाहिलं. "ह्यो बी ॲम्प्लिफायरच की. बारका." चार दिवस घातलं. त्यातून पंखा, स्कूटर, ताटं, नळ, सगळं एकाच वेळी आत यायचं. "शेड परत चालू झाली डोक्यात," म्हणाले आणि ते काढून स्क्रूच्या डब्यात टाकलं.

इथवर मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं. माहीत नव्हतं तोवर अण्णा ओठ वाचत होते. आपण बघतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं, ते ऐकतच होते. माहीत झाल्यावर ते मुद्दाम तोंडाकडे बघायला लागले, आणि त्यांना काही कळेनासं झालं. शब्द सुटायला लागले. दोन वाक्यांनंतर ते दमायचे आणि "असूं दे" म्हणून हात झटकायचे. दूधवाल्याचं कळेना, माझं कळेना. पुढेपुढे अक्काचंही कळेना. जन्मभर आवाजाशिवाय बोललेली अक्का त्यांच्याशी ओरडून बोलायला लागली. आता त्यांची भांडणं सगळ्या गल्लीला ऐकू यायची, त्यांना सोडून.

गिरणीवाला बोलवायला आला तर अण्णा गेले नाहीत. तळहात तसाच होता, यंत्रंही तशीच होती, पण म्हणाले, "भैऱ्या मानसाला कशाला नेतायसा." त्याच सुमारास खालची एक खोली रिकामी झाली आणि त्यांनी ती भरघोस मिशीच्या एका हवालदाराला दिली. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "आता काय, वैनी. केसं असली काय, नसली काय."

एकदा अक्का वर माझ्याकडे आली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, त्यामुळे ती माझ्याशीही हळूच बोलली. "तू सांगितलंस त्ये खरं हुतं ग. मला ठावं हुतं की, लई वर्सांपास्नं. पर त्या खऱ्याचं आम्ही दोगांनी काय करायचं हुतं?"

तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. माझ्या जागी मी परत असले, तर तेच सांगेन. नाहीतर अण्णा रविवारमागून रविवार यंत्रं उघडत राहिले असते.

आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला निघालो तेव्हा अण्णांनी जुना ॲम्प्लिफायर टेम्पोत आणून ठेवला, स्वतः उचलून. "घेऊन जावा. त्यो बरा हाय. आजारी मी हुतो," म्हणाले. "ह्येला उगंच हात लावू देऊ नका कुनाला." मी पहिल्याच आठवड्यात मेकॅनिकला बोलावून त्यातले जादा स्पीकर काढले आणि ट्रेबल खाली आणून घेतला. ऐकायचं आम्हाला होतं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. शेवटी मी भेटायला गेले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. डोळे मिटलेल्या माणसाशी अक्का काय बोलणार. तिने त्यांचा तळहात उचलून स्वतःच्या गळ्यावर धरला होता आणि काहीतरी सांगत होती, ओरडून नव्हे, साध्या आवाजात. मी दारातूनच मागे फिरले आणि ओसरीवर बसून राहिले.

ॲम्प्लिफायरचं ठरवायला बसले आणि हे एवढं लिहून झालं. आता सुरुवातीचं परत वाचते आहे. आवाज बसलाय. झांजा कळत नाहीत. शब्द मिसळतात. कॅपॅसिटर बदलले, तेच. स्पीकर बदलले, तेच. स्टोअरला कुणी असा कागद माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो पुरा वाचलाही नसता. गेल्या महिन्यात साहेबांकडे मी तक्रार केली होती की स्टोअरला घेतलेली नवी मुलगी तोंडातल्या तोंडात बोलते. फोनवर हल्ली सगळ्यांचीच लाइन खराब असते. आणि ग्राइंडरच्या शेडला लागून असलेल्या त्या खोलीत मी किती वर्षं बसते आहे, ते मोजायला मला कागद लागणार नाही.

१५ डिसेंबर. सोमवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते. सकाळी लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद केला. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, डोळे मिटले आणि तिला म्हटलं, "तिथं दारात थांब आणि काहीतरी बोल. हळू नाही, मोठ्यानं नाही. रोज बोलतेस तसं."

पंख्याचा आवाज आला. खाली कुणीतरी बुलेट चालू केली, तीही आली. मी थांबले. बरीच थांबले.

"बोल की," मी म्हटलं. "थांबलीस कशाला?"

मग मी वळले. ती दारात उभी होती आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

"बोलले की, आई. दोनदा बोलले."

हे मला ऐकू आलं, की तिच्या ओठांवर दिसलं, ते मला सांगता येणार नाही. मी मेकॅनिकला येऊ नको म्हणून निरोप पाठवला, ॲम्प्लिफायरवर कापड घातलं आणि कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावायला लेकीलाच फोन करायला सांगितलं.